काका, खाऊन आले ना?

प्रिय पुष्कर,

तू पाठवलेलं निवेदन मिळालं. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं आणि चष्मा पुसून तीनदा वाचलं. उद्या सोमवारी सही करून ते जिमच्या मालकांना द्यायचं, हे तू फोनवर दोनदा बजावलंस. फोनवर मी अर्धं वाक्य बोललो की उरलेलं तू पूर्ण करतोस, आणि ते माझ्या वाक्यापेक्षा नेहमीच नीटनेटकं असतं, म्हणून मी गप्प बसतो. या वेळी तसं व्हायला नको म्हणून हाताने लिहितोय. पानांचे फोटो काढून पाठवतो, तेवढं मला जमतं. भुवईवरचे टाके परवा काढले. खूण राहील म्हणाले. राहू दे.

निवेदनात शेवटचा रकाना आहे, 'वैयक्तिक ट्रेनर घेतल्याचा उपयोग झाला का?' तुझ्या मते उत्तर उघड आहे. बापाला ट्रेनर लावून दिला आणि सातव्या महिन्यात बाप जिमच्या फरशीवर आडवा झाला. शंभूला मालकांनी त्याच संध्याकाळी घरी बसवलं. तू इंटरनेटवर त्याचं नाव घालून लिहिलंस की हा मुलगा म्हाताऱ्या माणसाला उपाशीपोटी वजनं उचलायला लावतो. ते मी वाचलंय. वारज्यातल्या आणखी दोन जिमनीही ते वाचलंय.

मुळात ट्रेनर मला नकोच होता. माझ्या पासष्टीला तू बंगळूरहून परस्पर नाव नोंदवलंस तेव्हा मी म्हणालो होतो की लहानपणी कसब्यात जोर-बैठका मारल्या त्या काय कुणी शेजारी उभं राहून मोजल्या होत्या? त्याआधी तीन महिने मी फोनवरचे व्हिडिओ बघून एकटाच जात होतो. त्यातून मिळालं काय, तर आखडलेला खांदा. पहिल्या दिवशी शंभूने मला एकाही वजनाला हात लावू दिला नाही. एक स्टूल आणलं आणि म्हणाला, बसा आणि उठा. मी बसलो. तो म्हणाला, काका, हे बसणं नाही, हे पडणं आहे. पंचवीस वर्षांचा वाशीमकडचा मुलगा मला बसायला शिकवतो म्हटल्यावर मी दोन दिवस फुगून होतो. तिसऱ्या दिवशी बरोबर सातला त्याचा फोन आला, तब्येत बरी आहे ना म्हणून. मुकाट्याने गेलो.

तुझ्या आईच्या तेराव्याला मला जमिनीवरून उठवायला दोघं लागले होते, आठवतं? तू एका बाजूला होतास. गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरात मांडी घालून मेथी निवडली आणि हाताचा टेकू न घेता उठलो. बघायला कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा बसलो आणि पुन्हा उठलो. तेव्हा उपयोगाचं विचारशील तर व्यायाम तेच असतात, ते कुठेही सापडतात. एकट्याने ते चुकीचे होतात आणि चौथ्या आठवड्यात बंद पडतात. सकाळी सातला कोणीतरी आपली वाट बघतंय एवढ्यावर माझ्यासारखा माणूस बूट चढवतो. बाकी सगळं त्याच्या नंतरचं.

शंभूकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. माझ्या डायबेटिसची नोंद त्याने पहिल्याच पानावर लाल शाईने केली होती. सुरुवात करण्याआधी रोज एकच प्रश्न, काका, खाऊन आले ना? मी एकदा त्याला म्हटलंही की पुण्यात 'आलात' म्हणतात. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आले'च म्हणाला. मग काय खाल्लं ते विचारायचा आणि तारखेखाली लिहायचा. पोहे. उपमा. भाकरी-दूध. या घरात हे विचारणारं माणूस गेल्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं.

तू दुपारच्या विमानाने पोचलास तेव्हा ती वही त्याने हॉस्पिटलात तुला दाखवली होती. त्या दिवशीच्या तारखेखाली 'थालीपीठ' लिहिलेलं होतं. तू म्हणालास, हे काय, मी आत्ता श्रीखंड-पुरी लिहून दाखवतो. मालक म्हणाले, मागाहून लिहिलं असेल. शंभू माझ्याकडे बघत उभा होता. मी डोळे मिटून घेतले. तुम्हाला वाटलं मला गुंगी आहे. सलाईन लागून तोवर कित्येक तास उलटून गेले होते, पुष्कर, आणि मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. नंतर तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं की घाईत खायचं राहून गेलं, त्यानेही विचारलं नाही. तू मला पाणी पाजलंस आणि ते वाक्य निवेदनात घातलंस.

त्या दिवशी संकष्टी होती. तू सातवीत असताना तुला टायफॉइड झाला, तेव्हापासून तुझी आई तुझ्यासाठी हा उपास धरायची, हे तुला माहीत आहे. मी चोवीस वर्षं तिची टर उडवली. साबुदाण्याची खिचडी समोर आली की विचारायचो, हेमाताई, गणपतीला कॅलरी कळतात का? ती गेल्यावर पहिल्या संकष्टीला मी सकाळी गॅस पेटवला आणि तसाच बंद केला. मनात आलं, आता तुझ्यासाठी कोण धरणार? तेव्हापासून दर महिन्याला मी उपास करतो, चंद्र दिसेपर्यंत. कोणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं हसल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार होतो? शंभूला सांगितलं असतं तर त्याने त्या दिवशी व्यायाम करू दिला नसता, आणि कारण तुला कळवलं असतं. म्हणून दर संकष्टीला मी त्याला एकेक पदार्थ सांगत गेलो. संकष्टीला सकाळची साखर उतरवणारी गोळी मी घेत नसे. या वेळी सवयीने घेतली. वर बिनसाखरेचा चहा, आणि थालीपीठ खाल्ल्याची थाप.

काल मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. दिग्विजय म्हणून त्याचा सोबती आहे, त्याने दार उघडलं आणि मला बघून आत निघून गेला. शंभूने खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, बुधवारी गावाकडे जातोय, इथे आता कोणी ठेवत नाही. मी तयारी करून गेलो होतो, पण पाणी पिऊन भांडं परत दिलं. जाताना मी खुर्चीतून उठलो तेव्हा त्याची नजर सवयीने माझ्या गुडघ्यांवर गेली. खाऊन आले का, हे मात्र त्याने विचारलं नाही.

शाळेच्या कचेरीत मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. तुझ्या निवेदनावर सही होणार नाही. सहाव्या ओळीत प्रश्न आहे, 'व्यायामापूर्वी ट्रेनरने आहाराची चौकशी केली होती का?' तिथे मी 'होय' लिहिलंय. त्याला काय उत्तर मिळालं हे विचारायला तुझ्या कागदात जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं की मी खोटं सांगितलं, त्या दिवशी आणि त्याआधीही. खाली तारीख घातली. उद्या दहा वाजता ते मालकांच्या हातात देईन आणि शंभूच्या वहीतलं खरं आहे हे तोंडाने सांगेन. तू लिहिलेलं मात्र तुलाच काढावं लागेल, बुधवारच्या आत, आणि का काढलं तेही तिथे लिहावं लागेल. माझं नाव घालून लिही. शंभूचा नंबर खाली दिलाय. हे वाचून तुला राग येईल, आणि तू लगेच मला फोन करशील. तो नंतर कर. आधी त्याला कर.

तुझाच,
बाबा