सात नंबरचा फॉर्म

३ मार्च, सोमवार. सकाळी सहा.
आजपासून रोजनिशी. मेट्रनची नोटीस आली आहे: नर्सिंग स्टाफच्या मानसिक ताणाची तपासणी होणार, त्यासाठी एक समुपदेशक बाई येणार. वाचून हसू आलं. एकोणीस वर्षं नर्स आहे, त्यातली सहा वर्षं वॉर्ड तीनचा इनचार्ज ब्रदर. ताण-बिण आमच्या वेळी नव्हता. ड्युटी होती. आताच्या पोरी मेणाच्या.
संकल्प: चहा दोनच कप. घरी ओरडायचं नाही. रडूबाईला माणसात आणायचं. (रडूबाई म्हणजे नवी सिस्टर. पेशंट गेला की डोळे पुसते. सगळ्यांसमोर!)

४ मार्च, मंगळवार.
चहा सात. नाइलाज होता.
ओरडलो नाही. मोठ्याने बोललो. बायको म्हणते, वॉशिंग मशीन बीप करायला लागलं की मी धावत जाऊन सलाइन शोधतो. याला तत्परता म्हणतात. बँकेत बसून काम करणाऱ्या बाईला काय कळणार.
दुपारी चादरींच्या खोलीत दहा मिनिटं. चादरी मोजत होतो. दार लावून मोजल्या की चूक होत नाही.
हल्ली इंजेक्शनच्या काचा फार हलक्या येतात. हातातच फुटतात. आज तीन.

५ मार्च, बुधवार.
फॉर्म आले. बारा जणांचे बारा. नाव नाही, फक्त नंबर. पहिलाच प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत विनाकारण रडू आलं का? अरे, हे हॉस्पिटल आहे की बालवाडी?
कुणाला वाटलेच नाहीत. पेशंट बत्तीस, एका पाळीला नर्स तीन, भरणार कोण? घाईच्या दिवशी बत्तीस जणांचं टेम्परेचर मी खुर्चीतून न उठता चार्टवर चढवतो, हे तर बारा कागद. सगळीकडे ‘कधीच नाही’वर टिक. वीस मिनिटांत वॉर्ड ठणठणीत.
पण सगळेच नॉर्मल दाखवले की वरचे संशय घेतात. चार्टवरही आपण एखाद्याला थोडा ताप देतोच. म्हणून सात नंबरला आजारी केला. रडूबाई डोळ्यांसमोर ठेवून लिहीत गेलो: झोप लागत नाही. खोलीत दार लावून बसावंसं वाटतं. काच फोडताना हात थरथरतो. अकरा नंबर बेडचे आजोबा गेल्यापासून त्या बेडजवळून जाववत नाही. कागद पुरेना, मागेही लिहिलं. कल्पनाशक्ती आहे माझ्याकडे. वाया गेली इथे.

६ मार्च, गुरुवार.
चहा अकरा.
सकाळी इन्सुलिन भरत होतो. रडूबाईने हात धरला. म्हणाली, ब्रदर, चार युनिट लिहिलंय, तुम्ही चाळीस भरलंय. मी म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो, पास झालीस. तिने सिरिंज काढून घेतली. शिस्त म्हणून नाही या पिढीला.
बारा नंबरला जायला अकरावरून न जाता लांबचा रस्ता धरला. पाय मोकळे होतात.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी चार.
समुपदेशक बाईंनी बोलावलं. सारखं हसरं तोंड. अशा लोकांना एक दिवस माझ्या वॉर्डात उभं करा, हसू कुठल्या कुठे जाईल.
म्हणाल्या, सात नंबरची फार काळजी वाटते. या व्यक्तीच्या हाती औषधं देणं धोक्याचं आहे. मी म्हटलं, ती आमची रडूबाई, खुशाल रजेवर पाठवा. बाई म्हणाल्या, ती सकाळीच येऊन गेली. बाकीच्याही दहा जणी. फॉर्म कुणी पाहिलेलेच नाहीत. बाराही फॉर्म एकाच हाताने भरलेत.
मी म्हटलं, कामाची पद्धत असते. त्या म्हणाल्या, अकरा फॉर्म भरायला प्रत्येकी मिनिटभर पुरलं असेल, सातव्याला किती वेळ लागला?
राउंडची वेळ झाली म्हणून उठलो. असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नसतो.

१० मार्च, सोमवार.
सहा आठवडे रजा. मेट्रनबाईंनी माझ्यासमोर औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या रडूबाईला दिल्या. रडूबाई! मी तिला म्हटलं, चादरी नीट मोज. ती हळूच म्हणाली, ब्रदर, तुम्ही आत असलात की आम्ही कुणाला तिकडे फिरकू देत नव्हतो.
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.
घरी आलो. मशीन बीप करायला लागलं. उठलो नाही. बायकोने येऊन बंद केलं आणि शेजारी बसली. मग जे झालं ते झालं, चांगला अर्धा तास.
फॉर्मवरचा तो पहिला प्रश्नच मुळात चुकीचा आहे. विनाकारण नव्हतं.