काहील सोडून हलायचं नाही

तीर्थस्वरूप आल्फोन्सीनताईस,

धाकट्या ओव्हिलाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, झोप लागते का, आणि फादरनी तुला उपासातून सूट दिली की नाही, ते सविस्तर कळव. (दिली असेल तर का दिली याचाही विचार कर. हल्ली कोणी कोणाला उगाच सूट देत नाही.) माझी तब्येत बरी आहे, म्हणजे डॉक्टर बरी म्हणतो, आणि तो ज्या घाईनं म्हणतो त्यावरून मला काळजी वाटते. तुझ्या दारातला तो जिरेनियमचा वाफा बर्फाखाली सुखरूप आहे ना? सहज विचारतोय.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. आमच्या फोनचा जुळा भाऊ आता रेजानच्या टेबलावर बसवलाय. मी इकडे उचलला की तिकडे टक् वाजतं. पोटची पोर आहे, बापाचं बोलणं ऐकत असेल असं मी म्हणत नाही. पण टक् वाजतं. शाळा माझी चौथीत सुटली (मेपलचा हंगाम होता, बाबांनी पुन्हा पाठवलंच नाही), तेव्हा अक्षर लावून वाच.

आपलं मेपलचं गुऱ्हाळ मी रेजानच्या हाती दिलं, तेव्हा तूच म्हणालीस की ओव्हिला, आता पोरीला करू दे, मध्ये मध्ये करू नकोस. मी करत नाही. मी बाजूला उभा राहून बघतो. बघतो म्हणून दिसतं, यात माझा काय दोष? माझ्या काळात गुऱ्हाळ म्हणजे जत्रा होती. एका बाजूला रस आटतोय, दुसऱ्या बाजूला जेवणाच्या हॉलात वाटाण्याचं सूप आणि कुरकुरीत तळलेली डुकराची चरबी, अंगणात घोड्याची घसरगाडी, पोरांसाठी बकऱ्या, मेपलचा साबण, आणि कोपऱ्यात आपला विल्ब्रॉ व्हायोलिन वाजवतोय. या सगळ्या कल्पना माझ्याच. साबणसुद्धा. (साबणानं अंग चिकट होतं ही तक्रार फक्त एका बाईची होती, आणि ती मुळातच तक्रारखोर.) मागच्या वर्षी ऐन रविवारी झाडांना रसाचा पूर आला आणि त्याच दिवशी हॉलात दोन बसगाड्या उतरल्या. एक बकरी पाहुण्यांच्या टेबलावर चढली. तिला उतरवण्यात, सूप पुरवण्यात आणि विल्ब्रॉची तार शोधण्यात दिवस गेला, आणि टाक्यांतला रस आंबला. हंगामातला सगळ्यात गोड रस आम्ही ओढ्यात ओतला. मी तेव्हाच म्हणालो, दोष बकरीचा. पण रेजान बकरीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ती नजर मी विसरलेलो नाही.

यंदा हंगामाच्या तोंडावर तिनं मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, "बाबा, हंगाम महिन्याभराचा. तेवढ्यात तीनच गोष्टी बघायच्या. रस ताजा आणायचा, न करपवता आटवायचा, गरम असताना डब्यात भरायचा. बाकी सगळं मे महिन्यात."

मी विचारलं, "आणि विल्ब्रॉ?"

"विल्ब्रॉकाकाही मे महिन्यात."

ताई, विल्ब्रॉनं ऐंशी ओलांडलीय. त्याला मे महिन्याचा वायदा देणं माणुसकीचं आहे का? त्यानं मात्र व्हायोलिन पेटीत घातलं आणि तो घरी जाऊन झोपला. त्यानं मला कळवलंय की गेल्या कित्येक वर्षांत एवढी छान झोप लागली नव्हती. त्यालाही फितवलेलं दिसतंय.

तर हॉलाला कुलूप लागलं, बकऱ्या शेजारी गेल्या, घोडा कोणाकडे तरी पाहुणचाराला गेला. आता तूच हिशेब कर. जो माणूस इतक्या सफाईनं एकेक गोष्ट कापत जातो, तो शेवटी कुठं येऊन थांबणार? गुऱ्हाळात खाणारं पण रस न वाहणारं आता उरलंय कोण? मी. माझ्याकडे एकच काम आहे, काहिलीपाशी उभं राहायचं. फेस चढला की बसवायचा, पळी बुडवून वर धरायची, आणि पाक थेंबाथेंबानं न पडता पदरासारखा पसरून ओघळला की तोटी उघडायची. बाबा ज्या फरशीवर उभे राहायचे त्याच फरशीवर मी उभा राहतो. ती जागा गेली की मला खिडकीतली झुलती खुर्ची उरली, आणि त्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गॅरेजशिवाय काही दिसत नाही.

आणि लक्षणं ठीक नव्हती. आधी तिनं काहिलीशेजारी एक स्टूल आणून ठेवलं. म्हणाली, बसून बघा. (आज स्टूल, उद्या खाट.) मग काहिलीवर दोरीनं टांगलेला चरबीचा तुकडा काढला. फेस वर येऊन त्याला लागला की आपोआप बसतो, हे आपल्या आजोबांपासून चालत आलेलं. त्याऐवजी हिनं थेंबांची बाटली आणली. कारण काय, तर डुक्कर न खाणारी गिऱ्हाइकंही पाक घेतात. मी तुकडा परत टांगला. तिनं परत काढला. शिवाय दिवसातून दोनदा विचारते, "बाबा, दमलात का?" दमलेला माणूस हवा असल्याशिवाय असं कोण विचारतं?

अशात मंगळवारी तो माणूस आला. ताई, त्याचे बूट स्वच्छ होते. बर्फ वितळायच्या दिवसांत आपल्या बोस परगण्यात बिशपचे बूटसुद्धा स्वच्छ राहत नाहीत. स्वच्छ बुटांचा माणूस या दिवसांत एक तर काही विकत घ्यायला येतो किंवा कोणाला तरी घेऊन जायला. रेजाननं त्याला टाक्यांमागं नेलं. टाक्यांमागं कशाला? काहिलीसमोर बोलायला काय झालं होतं? मी म्हणालो, बघूनच येऊ, आणि सरपणाच्या ढिगाआड जाऊन उभा राहिलो. (सरपण मोजायचंच होतं.)

त्यानं बॅगेतून तारा लोंबणारा एक चकचकीत डबा काढला. म्हणतो कसा, "मॅडम, हा एकदा बसवला की माणसाची गरज संपली. पाक झाला की तोटी आपोआप उघडते. आजोबांना घरी निवांत आराम."

रेजान म्हणाली, "आरामानं ते आठवड्यात मरतील. आणि मरायच्या आधी मला मारतील."

"तसं नाही, पण माणूस म्हटला की नजर चुकते. नजर चुकली की काहील गेली."

"नजर चुकायला आधी ते तिथून हलायला हवेत ना! माझे बाबा हंगामात काहील सोडून हलत नाहीत. लघवीला जायचं तरी हाक मारून मला उभं करतात. तुमचा डबा हाक मारतो का? नाही ना? मग ती जागा भरलेली आहे. कॉफी घ्या आणि निघा."

आता मला सांग, पाठीमागं कोणी कोणाचं इतकं चांगलं बोलतं का? निंदा असती तर मी समजून घेतली असती. पण पाठीमागं स्तुती म्हणजे काहीतरी शिजतंय. मी ढिगाआड आहे हे तिला ठाऊक असणार आणि मला ऐकवायलाच ती बोलली असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळं. धूर त्या वेळी जरा जास्तच होता.

बाकी विशेष काही नाही. त्याच संध्याकाळी पुन्हा कडाका पडला, झाडांचा रस थांबला, आणि रेडिओ म्हणतो शनिवारपर्यंत थंडी मोडत नाही. तोवर काहील थंडच. मी स्वतः तिच्यावर झाकण घातलंय आणि झाकणावर सरपण रचलंय, उगाच कोणी उघडून बघायला नको. गुडघ्याला जप. फादरना नमस्कार सांग, पण माझ्याविषयी आणखी काही सांगू नकोस.

तुझा,
ओव्हिला

ता. क. : ताई, त्या जिरेनियमच्या वाफ्याविषयी. तो म्हणजे बाबांची जुनी काहील, हे तुझ्या लक्षात असेलच. वाटणीत ती तुझ्याकडे आली तेव्हा मी तिला भंगार म्हणालो होतो. ते मी रागात म्हणालो होतो. ती याच चुलाणाच्या मापाची आहे. आमच्या काहिलीचा शेवटचा खण जरा करपलाय. जरा म्हणजे तळ फुगलाय, कोळसा झालाय, आणि एका ठिकाणी त्यातून चुलाण दिसतं. शनिवारच्या आत तुझी मिळाली तर फार बरं. जिरेनियमना मी लाकडाची सुरेख पेटी करून देईन, तुझं नाव कोरून.

आणखी ता. क. : रेजानला यातलं काही कळता कामा नये. तिला पडसं झालंय, वास आलेला नाही. (रात्री जेवताना बीन्सकडे बघून म्हणाली, "आज सगळ्यालाच धुराची चव लागतेय." मी म्हणालो, पडशात तसं होतं.) आणि दोष कोणाचा ते उघड आहे. काहील जळल्यानं फायदा कोणाचा? त्या स्वच्छ बुटवाल्याचा. त्यानं मला सरपणाआड मुद्दाम बोलावून घेतलं, असाच याचा अर्थ होतो.

शेवटचं ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आत्ता रेजान आली आणि म्हणाली, "बाबा, पिकअप दारात लावलीय. मागं जुनी घोंगडी टाकलीयत, काहिलीला ओरखडे नकोत. कुदळही ठेवलीय, आत्याच्या जिरेनियमची माती गोठलेली असेल. पत्र हातानंच द्या. आणि थंडी मोडायच्या आत परत या, तुम्ही नसताना मी चुलाण पेटवणार नाही." तिनं कोटाची बटणंसुद्धा लावली माझ्या.

मी कोणापाशी एक शब्द बोललो नव्हतो. हे पत्र तूही अजून वाचलेलं नाहीस. तरी तू तिला सगळं सांगितलंस कधी? तासाभरात तुझ्या दारात येतोय. कॉफी टाक, आणि उत्तर तयार ठेव.