लाल दिवा आणि कॉलेजची पन्नास वर्षं

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. कॉलेजला पन्नास वर्षं झाली, म्हणून जुन्या लोकांच्या मुलाखती व्हिडिओवर घ्यायच्यात. लायब्ररीच्या बाईंनी विचारलं, कॅमेरा कुणाला येतो? माझा हात वर गेला. शाळेतही असाच जायचा, पण तेव्हा वर्गाबाहेर जायचं असायचं. हॉलमध्ये खुर्च्या मांडणं आता बंद. आईला फोन केला, इतिहास खात्यात लागलो म्हणून.

दुपारी
कॅमेरा दिला. तो पडला तर मागोमाग मीही खिडकीतून उडी मारायची, ठरलंय. बटण एकच. दाबलं की लाल दिवा लागतो. लाल म्हणजे थांब, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माहितीपुस्तक वाचायची गरज नाही. अक्षरंही फार बारीक आहेत.

५ मार्च
कॅन्टीनच्या मावशी. दिवा विझलेला आहे ना, तीनदा बघितलं, मग म्हटलं, बोला. मस्त बोलल्या. पहिल्या वर्षी कॉलेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि अठरा स्टुलं. संपल्यावर लाल करून कॅमेरा नीट बॅगेत ठेवला. तरी संध्याकाळी बॅटरी खलास. कंपनी भिकार.

९ मार्च
बाई म्हणाल्या, दाखव रे जरा, काय काय झालंय. म्हटलं, अर्धवट कामाला नजर लागते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. उद्या माहितीपुस्तक वाचणारच.

१० मार्च
डोकं दुखलं.

१२ मार्च
वेल्डिंगचे मास्तर. वय अठ्ठ्याऐंशी. पहिली बॅच यांनीच शिकवली. शनिवारी मुलीकडे परदेशात चाललेत, कायमचे. बाईंनी चारदा बजावलं, हे गेले की सांगणारं कुणी नाही. भीतीने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.
दीड तास बोलले. मी बटण दाबून लाल केलं, वायरी आवरायला लागलो, तर विचारतात, कितवी झालास? इथे सगळ्यांना बारावी सांगितलंय. त्यांच्यापुढे जीभच वळेना. म्हटलं, आठवी नापास. ते हसले. म्हणाले, अरे लेका, तुझ्यासारख्यांसाठीच तर शेड ठोकली होती आम्ही!
हे रेकॉर्ड व्हायला हवं होतं. पण दिवा लाल होता.

१६ मार्च
बाईंनी हॉलमध्ये पडद्यावर लावलं. सगळा स्टाफ हजर. आधी माझी हनुवटी. मग बॅगेतला अंधार, आणि अंधारात माझा आवाज, "हो आई, साहेबच म्हणतात मला इथे." कॅन्टीनच्या मावशी पोट धरून हसल्या. मुलाखत एकही नाही. बाईंचा चेहरा पांढराफटक. मास्तर तर विमानाने कधीच गेले. दार कुठे आहे ते बघून ठेवलं.
तेवढ्यात पडद्यावर मास्तर. कितवी झालास? आठवी नापास. अरे लेका...
कुणी हसलं नाही. बाईंनी मागे नेऊन पुन्हा लावलं.

१७ मार्च
मास्तरांचं तेवढंच उरलं. बाकीच्यांच्या मुलाखती परत घेणार, पण मी नाही. कॅमेरा काढून घेतला. खुर्च्या परत माझ्याकडे. बाईंनी एक फॉर्म पुढे सरकवला आणि एवढंच म्हणाल्या, भर. कितवीच्या रकान्यात खरं लिहिलं. दहा मिनिटं लागली.

२३ मार्च
संध्याकाळचा वर्ग. विषय, कॅमेरा, प्राथमिक. मागचा बाक. सरांनी विचारलं, लाल दिवा लागला की काय समजायचं, कुणाला येतं?
मला येत होतं. हात वर केला नाही.