दिवाळीनंतर निवांत ये

भोकरदन, आश्विन १९७४

चि. मल्हारीस,

"आक्का, दिवाळीत एस्टीत पाय ठेवायला जागा न्हाई. दिवाळी होऊ दे, मंग निवांत ये, खिडकी भेटती," असं परवा बाजारात सांगून गेलास. गेल्या वर्षी आले तशी. खिडकी मिळाली, घरही निवांत होतं. फराळाचे डबे तेवढे रिकामे होते.

तुझे दाजी होते तेव्हा याच गर्दीतून तू मला न्यायला यायचास ना? विधवेनं ओवाळू नये, हे तोंडावर म्हणायची हिंमत नाही, म्हणून एस्टीला दोष देतोस!

हे पत्र टाकणार नाही. भाऊबीजेला तीर्थपुरीत, तुझ्या दारात, ओवाळणीचं ताट घेऊन मीच उभी राहीन. पाटावर बसायचं की उठून जायचं, ते सगळ्यांसमोर ठरव.

तरीही तुझीच आक्का,
आसरा