एक नंबरला काय टाकायचं

२५ जुलै, शुक्रवार

प्रांजलशी वाजलं. कॉलेजच्या फॉर्मवरून. पोरीला सीईटीला ९५.४ पर्सेंटाइल, आणि हिला एक नंबरला माटुंग्याचं कॉलेज टाकायचंय. सिव्हिल! अगं, गेल्या वर्षी तिथे ९६ च्या वर बंद झालं. मिळणारच नाही तर एक नंबर फुकट का घालवायचा? म्हटलं, अंधेरीचं आयटी वर टाक. ते नक्की आहे. माटुंगा दोनला. आधी हातात काहीतरी पडू दे, मग पुढच्या फेरीत माटुंग्याचं बघू.

ती म्हणे, असं नसतं पप्पा, जे सगळ्यात जास्त हवं ते वर टाकायचं असतं.

मी म्हटलं, मला शिकवू नको. म्हाडाच्या घरांचे फॉर्म नऊ वर्षं भरलेत मी. चाळीतले सगळे मोठमोठ्या बिल्डिंगा बघून अर्ज टाकायचे आणि हात हलवत परत यायचे. मी जिथे अर्ज कमी तिथे टाकला, म्हणून आज कांदिवलीत हे घर आहे. मग ऐकलं तिने. माझ्या क्रमाने फॉर्म भरून ठेवलाय. मुदत सोमवारपर्यंत.

२६ जुलै, शनिवार

सिव्हिलचं खूळ माझ्यामुळेच. बावीस वर्षं पालिकेत चावीवाला आहे मी, रस्त्यातल्या चाव्या फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडतो. ती दहावीत असताना मोठी लाइन फुटली होती. मला डबा द्यायला आली आणि तिथेच उभी राहिली. खड्ड्याच्या काठावर आमच्या ज्युनिअर इंजिनियर मॅडम, पायात गमबूट, आम्हा बारा जणांना कामाला लावत होत्या. तासभर बघत होती. घरी येऊन सुगंधाला म्हणाली, आई, मला ह्या मॅडमसारखं व्हायचंय.

बरं वाटलं होतं मला. पण बरं वाटून सीट मिळत नाही.

२८ जुलै, सोमवार

ड्युटीवर होतो तेव्हा तिने फॉर्म पक्का केला. आल्यावर विचारलं, माझाच क्रम ना? हो म्हणाली.

३१ जुलै, गुरुवार

लागलं! पहिल्याच फेरीत अंधेरी, आयटी! पालिकेच्या चौकीत सगळ्यांना पेढे दिले. बरोबर काम करणाऱ्या गुणाजीला म्हाडाचं गणित समजावून सांगितलं. तो म्हणाला, डोकं आहे बाबा तुला. माझी छाती फुगली.

प्रांजलने अर्धा पेढा खाल्ला. अर्धा आईच्या हातावर ठेवला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

वाट लागली.

गुणाजीची जान्हवी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने घरी माझं कौतुक केलं, तर ती कपाळाला हात लावून बसली म्हणे. तिने मला फोनच केला. काका, पहिल्या फेरीत एक नंबरचा पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो. पुढच्या फेऱ्या बंद. माटुंगा वर आणि अंधेरी दोनला असतं, तर अंधेरी हातात ठेवून माटुंग्याची वाट बघता आली असती.

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाली.

प्रांजल शेजारीच बसली होती. तिला माहीत होतं का, विचारलं. तिने हो म्हणून मान हलवली. मग त्या दिवशी ओरडून का नाही सांगितलंस, म्हटलं. खरं तर सांगितलं होतं तिने. मीच ओरडत होतो.

३ ऑगस्ट, रविवार

काल अर्धा दिवस रजा टाकून मदत केंद्रावर गेलो. तिथल्या बाई सभ्य होत्या. नियमाचा कागद माझ्याकडे वळवला आणि ओळीखाली बोट ठेवलं. साध्या मराठीत छापलंय. कोणालाही कळेल असं! मी वाचलंच नव्हतं. मला सगळं येत होतं ना.

सीट आज घेतली. घ्यावीच लागली.

७ ऑगस्ट, गुरुवार

लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पहिल्या फेरीत माटुंग्याचं सिव्हिल ९५.७ ला थांबलं. दुसरी फेरी सोमवारी. चार दिवस झाले, दिवा लावताना एकच मागतोय, आकडा खाली येऊ देऊ नको. म्हणजे तसंही मिळणारच नव्हतं असं म्हणता येईल. बाप असून पोरीच्या वाईटावर टपलोय.

११ ऑगस्ट, सोमवार

९५.२.

मिळालं असतं. सरळ मिळालं असतं.

आकडा प्रांजलनेच वाचून दाखवला आणि मोबाइल बाजूला ठेवून भाजी निवडायला बसली. मी काहीबाही बोलत सुटलो, नशीबच खराब, नियमच उलटे. सुगंधा इतके दिवस एक शब्द बोलली नव्हती. आज बोलली. "नशीब घराच्या वेळी होतं. हे मार्क पोरीचे होते."

खरंय तिचं. लॉटरी ती लॉटरी. चिठ्ठी निघाली आणि मी शहाणा ठरलो. नऊ वर्षं तेच गणित करत होतो की! आठ वेळा कुठे चाललं ते?

१८ ऑगस्ट, सोमवार

कॉलेज सुरू. नवीन बॅग घेऊन गेली. आल्यावर म्हणाली, चांगलंय, लॅब मोठी आहे. आयटीत काय शिकवतात विचारलं, तर नीट समजावून सांगत बसली. मला काही कळलं नाही, नुसती मान डोलावली. एकदा तरी तोडून बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट, रविवार

आज माफी मागितली. म्हटलं, मी दमदाटी करून तुझ्याकडून ते लिहून घेतलं, तुझं वाटोळं केलं.

म्हणाली, "दमदाटी नाही, पप्पा. सोमवारी तुम्ही घरी नव्हता, तेव्हा मी माटुंगा वर टाकला होता. मग पक्का करायच्या आधी परत तुमचा क्रम लावला."

का गं?

"तुमचं चुकेल असं वाटलंच नाही मला."