सुंदराच्या शेतात मेंढ्या बसू द्याव्यात

मी, ज्योतिबा बिरू करगळ, वय अडुसष्ट, मूळ राहणार बेल्हे, तालुका जुन्नर, हल्ली राहणार पोर्तुगालातले एक खेडे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. परदेशात व्हिला घेतला तेव्हाच हा दाखला काढायला हवा होता, असे माझा चुलतभाऊ भगवंत म्हणतो. त्याच्याकडे पुढे येतोच.

१. मंचरला मी आयुष्यभर टेम्पोच्या बॉड्या बांधल्या. पत्रा ठोकून ठोकून कान किटले होते, म्हणून म्हातारपणी फक्त शांतता हवी होती. मुलगा सार्थक तेव्हा लिस्बनला नोकरीला होता. “आबा, इथं खेड्यात घर घ्या, दर शनिवारी येतो,” म्हणाला. वर्कशॉप विकून घर घेतले. पांढऱ्या भिंती, लाल कौले, मागे शेत. वर्षाच्या आत सार्थकला कॅनडात नोकरी लागली. त्यात त्याचा दोष नाही. पण शनिवार आला की सुंदरा, माझी पत्नी, दोन भाकरी जास्तच थापायची.

२. बेल्ह्याची जमीन आणि सुंदराचे दागिने मुलगी सृष्टीला द्यावेत. तिचा पुण्याहून दर रविवारी फोन येतो.

३. माझी सगळी हत्यारे आणि वेल्डिंग मशीन रुपेशला द्यावे. तो माझ्याच हाताखाली शिकला आणि आता त्याचे स्वतःचे वर्कशॉप आहे. फक्त मोठा हातोडा मी तिकडे नेला होता, तो तिथेच राहू द्यावा. तिकडे ठोकायला काहीच नव्हते. एका दुपारी सुंदरा म्हणाली, “अवो, लई गप हाय हितं. ठोका की जरा, कायतरी वाजू द्या.” मग मी जुना पत्रा अंगणात टाकून उगाच ठोकत बसायचो आणि ती दारात बसून ऐकायची. जी शांतता मी हौसेने विकत घेतली, ती तिला खायला उठली होती. मला हे उशिरा कळले.

४. भगवंतने बाजारभर सांगितले की ज्योतिबा हवेत गेलाय. त्याला व्हिलाचा मोठा फ्रेम केलेला फोटो द्यावा. त्याने तो दर्शनी भिंतीला लावावा आणि रोज पुसावा. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये, असे वकील श्रेयाताईंनी सांगितले. फोटो देण्यामागे हेही एक कारण आहे.

५. तिकडचे घर आणि शेत सार्थक व सृष्टी यांचे समान. त्याचा रीतसर कागद तिथल्या वकिलाकडे केलेला आहे. मात्र बापाची एक अट आहे. तिथला मेंढपाळ आंतोनियु जोवर मेंढ्या राखतो, तोवर शेत विकू नये आणि त्याला अडवू नये.

त्याचे कारण सांगतो. माझे वडील मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरले. आपल्याकडे शेतात मेंढ्या बसवल्या की खत मिळते, म्हणून शेतवाला मेंढक्याला धान्य देतो. पहिल्या वर्षी मी आंतोनियुला खाणाखुणा करून रात्री कळप आमच्या शेतात बसवायला लावला. सकाळी गव्हाचे पोते त्याच्यापुढे ठेवले. त्याने माझ्याकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले आणि सगळा गहू मेंढ्यांपुढे ओतला! सुंदरा हसून हसून खाली बसली. “आवं, त्याला वाटलं तुमी मेंढरांना न्याहारी दिली!” दुसऱ्या दिवशी तो चीजचा गोल गड्डा घेऊन आला. त्यांच्या रीतीने चराईचा मोबदला मेंढपाळानेच शेतवाल्याला द्यायचा. दोघेही मागे हटेनात. तेव्हापासून दरवर्षी मी पोते देतो, तो गड्डा देतो.

सुंदरा तिथेच गेली. अर्ध्या अस्थी सृष्टीने इकडे आणून भीमाशंकरला नेल्या, अर्ध्या त्या शेतात ऑलिव्हच्या झाडाखाली आहेत. त्या दिवशी आंतोनियु टोपी काढून उभा होता. आम्हाला एकमेकांची भाषा अजून येत नाही.

६. हा कागद करायला गावी आलो, तर मुले म्हणतात, आबा, आता इकडेच राहा. आज बेल्ह्याच्या बाजारात फिरलो. माझ्याच बांधणीच्या टेम्पोला टेकून उभ्या असलेल्या पोराने विचारले, “पावणं, कुठलं तुमी? कुनाकडं आलाय?” मला फार एकटे वाटले. म्हणून मी परत जाणार आहे. तिथे निदान सुंदरा आहे.

७. माझी काळजी करू नये. आंतोनियु रोज सकाळी कळप घेऊन घरावरून जातो. धुराड्यातून धूर दिसला की काठी उंच करतो आणि पुढे जातो. गेल्या हिवाळ्यात मी तापाने पडलो, चूल पेटली नाही, तर तो मेंढ्या रस्त्यात सोडून थेट आत आला. घराची दुसरी किल्ली आणि दोन्ही मुलांचे फोन नंबर त्याच्याकडे दिले आहेत. मी गेल्याचे त्याला कळवायची तसदी मुलांनी घेऊ नये. ते त्यांना त्याच्याकडूनच कळेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

ज्योतिबा बिरू करगळ (सही)

आमच्यादेखत सही केली:
१. भागुजी लक्ष्मण पिंगट (सही)
२. अमृता दिलीप सरोदे (सही)

मुक्काम बेल्हे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे
१७ नोव्हेंबर २०२५