गिंडीच्या कचेरीतला भूकंप

मद्रास, फेब्रुवारी १९६८

तीर्थस्वरूप अण्णामामांस,

रविकांतचा साष्टांग नमस्कार. (मोठ्यांना घालायचा म्हणून घातला, राग तसाच आहे.) प्रकृतीची चौकशी करत नाही. डिसेंबरच्या भूकंपात ज्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली, तिच्याच खाली तुम्ही ‘मी बांधलेली भिंत माझ्या अंगावर पडायची नाही’ म्हणत हट्टाने झोपता आणि मामी एकट्या अंगणातल्या झोपडीत, हे त्यांच्या पत्रातून कळलं. तेव्हा प्रकृती ठणठणीतच असणार!

त्या भूकंपाचा ताप इथे मला झाला. गिंडीच्या आमच्या कचेरीत भूकंपाची तालीम घ्यायचं निघालं आणि मी पाटणचा, म्हणून आमचे साहेब कृष्णस्वामी यांनी मला तज्ज्ञ नेमलं. अहो, त्या पहाटे मी मद्रासला डास मारत होतो! हेडक्लार्क शेषगिरी तंजावरचे मराठी. त्यांच्या घराण्याने आपल्याकडची जमीन सोडून तीनशे वर्षं होत आली, तरी ‘आमच्याकडे धरणी अशी हलते’ म्हणत तेही सगळ्यांना तमिळमधून शिकवू लागले.

मग लॉरीच्या जुन्या स्प्रिंगांवर फळ्यांचा चौथरा केला. वर टेबल, खुर्ची, फायलींचं कपाट आणि मी. खाली दोर धरून चार पहारेकरी. शिट्टी झाली की मी टेबलाखाली शिरायचं, एवढंच काम. पण लेकाच्यांनी असा हिसका दिला की कपाट माझ्या कानाजवळून आडवं झालं आणि माझ्या तोंडून बोंब निघाली, “मामा, बाहेर या!” टेबल राहिलं बाजूला, मी तेच ओरडत राहिलो. सगळी कचेरी हसली. कृष्णस्वामी मात्र गंभीर. कारण शेषगिरींनी त्यांना ठासून सांगितलं, की आमच्याकडे भूकंपात आधी मामाला बाहेर काढायची रीतच आहे. (तमिळमध्येही मामा म्हणजे मामाच, त्यामुळे शंकेला जागा नाही.) झालं! दुसऱ्या दिवशी शिट्टी होताच अख्खी कचेरी, टायपिस्ट बायकांसकट, तमिळ हेलात ओरडली, “मामा, बाहेर या!” लाज वाटली, संताप आला आणि खरं सांगतो, रडूही आलं. एवढी माणसं घसा फोडून बोलावतायत आणि ज्याने ऐकायचं तो पाटणात भिंतीखाली घोरतोय!

आपला (तूर्त भाचा म्हणवून घ्यायची इच्छा नसलेला)
रविकांत

ता. क. तुमच्या भाचेसुनेने, सरोजिनीने, आमच्या अड्यारच्या घरातली मागची खोली रिकामी केली आहे. दोघांनी यायचं. इथे कॉफी उत्तम मिळते आणि जमीन हलत नाही (कचेरी सोडून).

आणखी एक ता. क. हे पत्र मामींच्या नावे पाठवलं आहे आणि तुम्ही अंगणात आल्याशिवाय हाती देऊ नका, असं त्यांना बजावलं आहे. म्हणजे या घडीला तुम्ही बाहेर आहात. आता आत जायचं नाही, मामा.